किट बसवलं, आता कार्ब लावायचा: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नवख्या स्कूटरवाल्यांसाठी

"दादा, किट बसवून आठ दिवस झाले, पण गाडी पहिल्यापेक्षा मरगळल्यागत चालतीय. चढावर दम सोडतीय." शहापूरचा एक पोरगा परवा गाडी ढकलतच घेऊन आला. एलएमएल व्हेस्पा, त्याच्या आजोबांच्या नावावरची. मी एवढंच विचारलं, "मेन जेट कुठलं घातलंस?"

"जेट? जुनंच आहे की."

हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. किट म्हणजे जास्त सीसीचा पिस्टन-सिलिंडर, कार्ब म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर, आणि जेट म्हणजे त्यातला बारीक छिद्राचा पितळी तुकडा, ज्यातून पेट्रोल मोजून जातं. पिस्टन-सिलिंडर आणताना सगळे दहा दुकानं फिरतात, उद्यमबागेत ओळखीच्या टर्नरकडून होनिंग करून घेतात आणि कार्बला मात्र हातच लावत नाहीत. अशा गाडीचा पिस्टन किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही, म्हणून मला हे लिहायची घाई आहे.

किटनं नेमकं काय बदलतं ते आधी बघू. एलएमएलच्या मूळ सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 57.8 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 57 मिमी, म्हणजे साधारण 150 सीसी. बोअर 63 मिमी केला की त्याच स्ट्रोकवर 177 सीसी होतात. सिलिंडरच्या पोर्टांचा (वायू आत-बाहेर जायच्या खिडक्यांचा) आकार बदलतो, हेडमधला दाब वाढतो, सायलेन्सर बदलला असेल तर त्याचा खेच बदलतो. इंजिन जास्त तापतं. पेट्रोल नुसतं जळायला लागत नाही, या टू-स्ट्रोक इंजिनात ते पिस्टनला आतून गारही ठेवतं आणि ऑईलही तेच वाहून नेतं. त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की ताकद जाते, उष्णता वाढते आणि वंगण घटतं, तिन्ही एकदमच. पेट्रोल जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज जातं. ते दुरुस्त करता येतं. म्हणून नियम एकच लक्षात ठेवा: सुरुवात नेहमी जास्त पेट्रोलकडून करायची आणि एकेक पायरी खाली यायचं. खालून वर कधीच जायचं नाही.

कायद्याचं एक सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा फेरफाराला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीसी वाढवणं यात येतं. हे माहीत असूनच पुढं जायचं की नाही ते ठरवा. कंपनीच्या ओव्हरसाइज पिस्टनवर बोअर केलेल्या गाडीलाही खालची सगळी पद्धत जशीच्या तशी लागू होते. आणि आपल्याकडं एमिशन म्हणा की पलीकडं कोल्हापुरात पीयूसी म्हणा, कार्ब नीट लागलेला नसेल तर कागद मिळायला त्रास होणारच.

कार्ब उघडण्याआधी

निम्मे लोक इथंच चुकतात. गाडी हवा ओढत असेल तर कितीही जेट बदला, काही हाती लागत नाही. गाडी स्लोवर (रेस न देता) चालू ठेवा आणि सिलिंडरच्या खालच्या पॅकिंगभोवती, कार्ब जिथं इंजिनवर बसतो तिथं, साबणाचं पाणी ब्रशनं लावा. रेस बदलली किंवा बुडबुडे आत ओढले गेले तर तिथून हवा जातीय. आधी ते बंद करायचं. मॅग्नेटच्या बाजूचं ऑईल सील गेलं असेल तर बाहेरून काही दिसत नाही, पण गाडी गरम झाली की स्लो आपोआप वाढत जातो. किट टाकायला इंजिन उघडलंच आहे, तर दोन्ही बाजूंची सील नवी टाका. त्यात पैसे वाचवू नका.

मग पेट्रोलचा ओघ. कार्बकडं येणारी नळी सोडून बाटलीत धरा, कॉक उघडा. धार एकसारखी आणि जोरकस हवी. थोडा वेळ येऊन बारीक झाली तर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. झाकण सैल करून परत बघा, लगेच कळेल. खानापूरच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या टाकीत गंजाचा चुरा हमखास असतो. तो कार्बच्या जाळीत जाऊन बसतो आणि फुल रेसवर पेट्रोल तुटतं. वरवर बघता जेट लहान असल्यासारखंच वाटतं.

इग्निशनचा टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, स्ट्रोब लाइटनं बघून घ्या. टायमिंग पुढं असेल, म्हणजे ठिणगी लवकर पडत असेल, तर गाडी तशीच तापते जशी कमी पेट्रोलवर तापते, आणि प्लग बघून तुम्ही जेटला दोष देत बसाल. प्लगही तपासा. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये नंबर जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा. किट बसवलेल्या गाडीला मूळच्यापेक्षा एक नंबर थंड प्लग बरा पडतो, पण चुडीची (आट्यांची) लांबी हेडप्रमाणेच हवी.

आणि पहिले 500 किलोमीटर फुल रेस नाही. या काळात मेन जेट मोठंच राहू द्या.

जेटची ओळख

जुन्या टू-स्ट्रोक चेतक, एलएमएल, व्हेस्पा यांचा कार्ब उजव्या साइड पॅनलच्या आत डब्यात बसलेला असतो. डब्याचं झाकण काढलं की एअर फिल्टर, तो दोन स्क्रूवर असतो. फिल्टर उचलला की वरून दोन पितळी डोकी दिसतात. चपट्या पेचकसानं हलक्या हातानं फिरवायची. पेचकस खाचेत पूर्ण बसणारा घ्या, पितळ मऊ असतं, खाच खाल्ली की पुढचा अर्धा दिवस त्यातच जातो.

लांब जे बाहेर येतं ती मेन जेटची कांडी. तिचे तीन भाग: वर हवेचं जेट, मध्ये छिद्रांची बारीक नळी आणि सगळ्यात खाली मेन जेट. ही नळी हातात धरून उजेडाकडं बघा. तिच्या अंगावर बारीक आडवी छिद्रं दिसतात. त्यातून हवा पेट्रोलमध्ये मिसळून फेस होतो आणि तो फेस इंजिन ओढतं. एक जरी छिद्र बुजलं तरी मधल्या रेसवर गाडी अडखळते. मी दर वेळी ही नळी पेट्रोलमध्ये बुडवून फुंकून बघतो. तोंडानंच, कंप्रेसर नाही.

नंबरांचा अर्थ सोपा आहे. या कार्बमध्ये मेन जेटवर 100 लिहिलंय म्हणजे छिद्र 1.00 मिमीचं. 104 म्हणजे 1.04 मिमी. दुसऱ्या कंपनीच्या कार्बची पद्धत वेगळी असते, मिकुनीचा 100 आणि आपला 100 एक नव्हेत, म्हणून नंबर जुळला म्हणून कुठलंही जेट घालू नका. स्लो जेटवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ 45/140. पहिला पेट्रोलचा, दुसरा हवेचा. दुसऱ्याला पहिल्यानं भागा: 140 भागिले 45 म्हणजे 3.11. 50/160 चं उत्तर 3.2 येतं, 55/160 चं 2.91. उत्तर जितकं लहान तितकं पेट्रोल जास्त. हा हिशोब कागदावर मांडला की कुठलं जेट जाड (पेट्रोल जास्त) आणि कुठलं पातळ (पेट्रोल कमी) हे कळायला कुणाला विचारावं लागत नाही.

एक कळकळीची विनंती. जेट तारेनं साफ करू नका, कुणाला करू देऊ नका. माझ्या पहिल्या गाडीचं मेन जेट एका गॅरेजमध्ये ब्रेकच्या तारेचा एक धागा घालून साफ करून दिलं होतं. दोन महिने मी नंबर 102 समजून हिशोब करत होतो आणि काहीच जुळत नव्हतं. शेवटी भिंगाखाली बघितलं तेव्हा छिद्र अंडाकृती झालेलं दिसलं. सोनाराच्या बारीक ड्रिलनं जेट वाढवून देणारेही आहेत. शंभरात दोनचा फरक हातानं काढता येत नाही. चार-पाच नंबरांची खरी जेटं विकत घेऊन काडेपेटीत ठेवा.

स्लो लावणं

गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून गरम करा. थंड गाडीवर लावलेला स्लो चौकात गेल्यावर टिकत नाही.

दोन स्क्रू. वरचा रेसचा, तो फक्त स्लाइड (मूठ फिरवली की उघडते ती कार्बची झडप) थोडी उघडी ठेवतो. डब्याच्या मागच्या बाजूला रबरी बूच काढलं की आत दिसतो तो मिक्स्चरचा. हा स्क्रू इंजिनच्या बाजूचा आहे, म्हणून बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. ज्या कार्बमध्ये स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो तिथं उलटं: तो हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल पातळ. नवीन कार्ब हातात आला की आधी हे बघा.

मिक्स्चर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत घ्या. टेकला की थांबा, दाबू नका, टोक चेपतं. तिथून दोन फेरे बाहेर. रेस स्क्रूनं स्लो जरा चढा ठेवा. आता मिक्स्चर पाव पाव फेरा फिरवत ऐका. एका जागी रेस सगळ्यात वर जाते आणि आवाज गोळीबंद होतो. तिथून अजून पाव फेरा बाहेर, म्हणजे पेट्रोलच्या बाजूला. मग रेस स्क्रू सोडून स्लो खाली आणा.

ती जागा एका फेऱ्याच्या आतच सापडली तर स्लो जेट मोठं आहे. तीन फेऱ्यांच्या पुढं जावं लागलं तर लहान आहे. जेट बदला, स्क्रू ओढत बसू नका.

अजून एक खूण. रेस देऊन एकदम सोडा. आवाज लगेच खाली आला पाहिजे. वरच रेंगाळून सावकाश उतरत असेल तर गाडी हवा जास्त खातीय.

मधली रेस आणि फुल रेस

ॲक्सिलरेटरच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि शेजारी हँडलवर पेननं पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. नवख्याला हाताच्या अंदाजानं कळत नाही. मी अजूनही पट्टी लावतो. पावापर्यंत स्लो जेट आणि स्लाइडचा कारभार, मध्ये ती छिद्रांची नळी आणि हवेचं जेट, पाऊणच्या पुढं मेन जेट. गाडी कुठल्या खुणेवर अडखळली ते लिहून ठेवलं की कशाला हात लावायचा ते ठरतं.

या कार्बमध्ये मोटरसायकलसारखी स्लाइडला लावलेली सुई नाही. त्यामुळे मधल्या रेसवर करण्यासारखं थोडंच असतं आणि नवख्यानं नळीच्या मागं लागू नये. मेन जेट बरोबर लागलं की मधलं बरंच आपोआप जमतं.

आता मेन जेट. मूळ जेट 100 च्या आसपास असेल आणि किट नव्यानं बसवलं असेल तर मी 110 किंवा 112 घालून सुरुवात करतो. पहिले 500 किलोमीटर झाले की फुल रेसवर गाडी फुरफुरेल, एक ठोका सोडून जळल्यागत आवाज येईल. यायलाच पाहिजे. मग दोन-दोन नंबर खाली. ज्या नंबरला फुरफुर संपून गाडी स्वच्छ ओढते, तिथं थांबा आणि प्लग बघा.

प्लग बघायची पद्धत चुकली तर सगळं व्यर्थ. गावात फिरून घरी येऊन, स्लोवर उभी करून काढलेला प्लग फक्त स्लोची गोष्ट सांगतो. नवा प्लग लावा. रिकामा, लांब चढ हवा. निपाणीकडचे तवंदी घाटाला जातात, आम्ही वंटमुरीच्या बाजूला. दोन्हीकडं हायवेवर ट्रक असतात, म्हणून पहाटे उजाडल्यावर, डाव्या कडेनं, मागं एक साथीदार दुसऱ्या गाडीवर ठेवून, हेल्मेट घालून. चढावर तिसऱ्या गिअरला फुल रेस दहा-बारा सेकंद धरा, मग त्याच क्षणी क्लच दाबून किल्ली बंद. चढ असल्यामुळे गाडी थोडक्यात थांबते. तिथंच बाजूला घेऊन प्लग काढा, हातमोजे घालून, हेड भाजतं.

प्लगचं टोक बघू नका. पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी मुळाशी, जिथं ती लोखंडात शिरते, तिथं रंगाचं कडं दिसतं. टॉर्च लावून बघा. चहासारखा तपकिरी असेल तर बरोबर. काळं, ओलसर असेल तर अजून एक पायरी खाली. पांढरं, राखेसारखं असेल तर लगेच दोन-तीन नंबर वर, आणि तशी गाडी घरापर्यंतसुद्धा फुल रेसवर नेऊ नका. मातीवर चांदीसारखे बारीक चमकते ठिपके दिसले तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे. गाडी बंद करून टेम्पोतच घाला.

रस्त्यात पटकन अंदाज घ्यायला चोक वापरा. फुल रेसवर चढावर सीटखालचा चोक किंचित ओढा. गाडी अजून जोरात गेली तर तिला पेट्रोल कमी पडतंय. दबली तर पुरेसं आहे.

इथली हवा, घाट आणि पेट्रोल

दुसऱ्या देशातल्या किंवा अगदी पुण्यातल्या माणसाचा जेट नंबर तसाच उचलू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर आहे. इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा साधारण 7 टक्के विरळ. म्हणजे इथं बरोबर लागलेली गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली की तिथल्या दाट हवेत तिला पेट्रोल कमी पडतं. थंडीचंही तसंच. एप्रिलच्या दुपारच्या 36 अंशांत आणि डिसेंबरच्या पहाटेच्या 14 अंशांत हवेच्या दाटपणात जवळजवळ तेवढाच फरक असतो.

हे मी पिस्टन घालवून शिकलो. एप्रिलमध्ये दुपारी गाडी लावली होती, 104 वर, सुंदर ओढायची. डिसेंबरात पहाटे निघालो, घाट उतरलो, साखळीच्या पुढं सपाट रस्ता मिळाल्यावर फुल उघडली. मागचं चाक एकदम आवळलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला चार बोटं रुंद ओरखडा होता, रिंग जागेवरच चिकटलेल्या. माझा हिशोब तेव्हापासून असा: घाटाखाली जायचं तर दोन नंबर वर, उन्हाळ्यात लावलेली गाडी थंडीत चालवायची तर दोन नंबर वर. दोन्ही एकत्र आले तर चार. जेट बदलायला दहा मिनिटं लागतात.

त्या उतारावर आणखी एक धोका होता, तो मला तेव्हा माहीत नव्हता. टू-स्ट्रोकला ऑईल पेट्रोलमधूनच मिळतं. रेस बंद ठेवून गिअरमध्ये किलोमीटरभर उतरलं की इंजिन जोरात फिरतं आणि ऑईल मात्र नावाला पोचतं. घाट उतरताना अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ऊस आपल्याच शिवारातला आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण इथेनॉलच्या पोटात ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलच्या जमान्यातल्या जुन्या तक्त्यात 100 लिहिलं असेल तर मी आज 104 पासून विचार करतो. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात महिनाभर पडून असलेल्या पेट्रोलवर ट्यूनिंग करू नका. जुन्या रबरी नळ्या आणि फ्लोटच्या सुईचं (कार्बमध्ये येणारं पेट्रोल अडवते ती) रबरी टोकही बदलून टाका, ते फुगतं.

ऑईल लिटरला 20 मिली, चांगलं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑईल). भीतीपोटी 40-50 मिली घालणारे पुष्कळ आहेत. जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात ऑईल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे गाडी उलट पातळच चालते. मिश्रण एकदा ठरवा आणि त्याच मिश्रणावर जेट लावा.

ॲक्टिव्हावाल्यांसाठी थोडक्यात. 2020 च्या बीएस-6 नंतरच्या गाडीला कार्ब नाही, इंजेक्शन आहे, तिथं हे काही चालत नाही. जुन्या गाडीचा कार्ब व्हॅक्यूमवर चालतो. किट टाकल्यावर वरचं झाकण काढून रबरी पडदा उजेडात धरून बघा, सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी पिकअप जातो. पडदा चांगला असेल तर पद्धत हीच, मोठ्या मेन जेटकडून खाली. व्हेरिएटरचे (बेल्टच्या कप्पीचे) रोलर मात्र त्याच दिवशी बदलू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही.

हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे. शाळेची एक वही करा. तारीख, वेळ, हवा गार की ऊन, मेन जेट, स्लो जेट, स्क्रूचे फेरे, प्लगचा रंग, कुठल्या चढावर. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची एक ओळ.

शहापूरच्या पोराच्या गाडीत 98 निघालं. 112 घातलं, धूर बघून तो घाबरला. तीन सकाळी आम्ही चढावर गेलो, 110, 108, 106. 106 ला कडं चहासारखं आलं. तो म्हणाला, "अजून एक खाली करून बघू की दादा, अजून पळेल." मी जेट परत काडेपेटीत ठेवून 108 लावून दिलं. पुढच्या महिन्यात थंडी सुरू होतीय आणि त्याला मित्रांबरोबर गोव्याला जायचंय. 110 ची पुडी त्याच्या डिकीत टाकलीय, चोर्ल्याच्या आधी चहाला थांबतील तिथं तो ती बदलणार आहे.